ड्रॅगन फ्रूटचे पोल राहू द्या, आधी रातांब्याकडे बघा

प्रश्न : सर, आम्ही भांडुपला राहतो. यजमान खासगी कंपनीतून निवृत्त झाले. त्यातले तीन लाख शेतीसाठी बाजूला काढलेत. लांजा तालुक्यात सासरची दीड एकर जमीन आहे. हापूसची बावीस जुनी कलमं, वीसेक काजू, बांधावर पाच-सहा रातांबे (कोकमाची झाडं). विहीर आहे, पण एप्रिलअखेर तळ गाठते. दीर-जाऊ गावीच असतात, तेच सगळं बघतात. आंबा वाशीच्या बाजारात जातो आणि पट्टी (दलालाचा विक्रीचा हिशोब) आली की घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नाही. मुलगा म्हणतो ड्रॅगन फ्रूट नाहीतर अ‍ॅव्होकॅडो लावू, रोज मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो. मला वाटतं आपल्याच सोसायट्यांमधून आंबा विकावा. काय लावावं, कुठे विकावं? आणि जाऊबाई दुखावणार नाहीत असं कसं करावं? – एक वाचक, भांडुप

ताई, विहिरीचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण अ‍ॅव्होकॅडोचं उत्तर त्यातच आहे. ते झाड भर उन्हाळ्यात पाणी मागतं आणि पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलं की मुळं कुजवून घेतं. तुमच्याकडे दोन्ही उलटं. ड्रॅगन फ्रूट निवडुंगाच्या कुळातलं, सांगली-सोलापूरकडच्या कमी पावसाच्या भागात ते रमतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस. कोकणात ते अजिबात होत नाही असं नाही. उंच गादीवाफे करून, रोज बागेत फिरून करणारे आहेत. पण सिमेंटचे पोल, वरच्या रिंगा, रोपं, हा सगळा खर्च पहिल्याच वर्षी उभा राहतो, तुमचे तीन लाख त्यात कधी मुरले ते कळणारही नाही, आणि खोडकूज आली तर ती बघायला तुम्ही भांडुपला. मुलाचा उत्साह मोडू नका. त्याच्यासाठी दुसरं काम आहे, पुढे येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की तुमच्यासारख्या, मुंबईत राहून गावच्या जमिनीवर काही करू पाहणाऱ्यांनी पिकाचा भाव सगळ्यात शेवटी बघावा. आधी बघावं की हा माल आपल्यासाठी किती थांबतो. झाडावर किती थांबतो, काढल्यावर घरात किती थांबतो, आणि आपण महिनाभर गेलो नाही तर झाड किती सोसतं. या तिन्ही कसोट्यांवर हापूस काठावरही पास होत नाही. काजू आणि रातांबा होतात. नारळही झाला असता, पण तुमच्या पाण्यावर नाही.

हापूसपासूनच सुरुवात करू, कारण घरातला अबोला त्याच्यावरून आहे. मोहोर येण्याआधीपासून फळ हाताशी येईपर्यंत तुडतुडा, भुरी, फुलकिडी, शेवटी फळमाशी, अशी एकामागून एक पाळी लागलेली असते. फवारणी चार दिवस लांबली तर मोहोर काळा पडतो. वानरं येतात ती वेगळीच. हे सगळं दीर एकटे करणार, औषधाला पैसे नाहीत म्हणून हंगामाआधी दलालाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेणार, आणि उचल घेतली की माल त्याच गाळ्यावर जाणार. मग भाव विचारायला तोंड राहत नाही. पट्टीचा राग इथून सुरू होतो. त्यात दलालाचा वाटा आहेच, पण उचलीचा जास्त. एक मात्र माहीत असू द्या : फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याकडून न कापता खरेदीदाराकडून घ्यायची, असा नियम राज्यात 2016 पासून आहे, आणि फळं-भाजी बाजार समितीबाहेर थेट विकायची मोकळीकही तेव्हापासूनच आहे. पुढची पट्टी आली की भाडं, हमाली, तोलाई आणि बाकीची कपात एकेक ओळ करून वाचा. न समजलेली ओळ फोन करून विचारा. विचारणाऱ्याच्या पट्टीत फरक पडतो, हे मी पाहिलंय.

आता बावीस कलमांचं काय करायचं? सगळी स्वतः विकायला घेऊ नका. घराजवळची, जिथे जाऊबाईंची सहज नजर जाते अशी सात-आठ स्वतःकडे ठेवा आणि उरलेली करारावर द्या. करार एका वर्षाचा नको. एका वर्षासाठी आलेला माणूस कल्टार (मोहोर आणणारं औषध) मारतो, भरघोस मोहोर काढतो, पैसे करून जातो आणि पुढची दोन वर्षं कलमं खंगत बसतात. कल्टार वाईट औषध नाही. जुलै-ऑगस्टात, झाडाच्या घेरानुसार मोजून, निरोगी झाडाला आणि सोबत पोटभर खत घालून दिलं तर ते एक वर्षाआड येणारं झाड दर वर्षी धरायला लावतं. पण अशक्त झाडाला, खत न देता, वर्षानुवर्षं दिलं की झाड संपतं. म्हणून करार तीन वर्षांचा, लेखी, आणि त्यात शेणखत कुणी घालायचं, कल्टारची मात्रा किती, पैसे कोणत्या तारखेला, हे स्वच्छ लिहिलेलं हवं. गावात तुम्हाला हसतील. हसू द्या.

तुमच्याकडे ठेवलेल्या कलमांचा आंबा भांडुपला विकायचा, हा तुमचा विचार चांगला आहे. फक्त सोसायटीत आंबा विकणं म्हणजे टेबल टाकून बसणं नव्हे. बाईला शुक्रवारी खायला आंबा हवा असतो, तो शुक्रवारी पिकलेला पाहिजे. गुरुवारी कडक आणि शनिवारी सुरकुतलेला चालत नाही. ही सगळी करामत काढणीपासून सुरू होते. फळ चौदा आणे (सोळातले चौदा) तयार झालं की उतरवायचं, झाडावर पाड लागेपर्यंत, म्हणजे पिकायला लागेपर्यंत, वाट बघायची नाही. जास्त पक्व होऊ दिलेल्या हापूसमध्ये साका जास्त निघतो. बाहेरून सोन्यासारखा, कापला की कोयीजवळ पांढरट, आंबट, रबरासारखा गर. काढणी सकाळी लवकर, नूतन झेल्याने (फळ देठासकट कापून जाळीत झेलणाऱ्या काठीने), देठासकट. देठ तुटला की चीक फळावर ओघळतो आणि दोन दिवसांत तिथे काळा डाग पडतो. मुंबईचं गिऱ्हाईक डाग आधी बघतं, वास नंतर घेतं. उतरवलेला आंबा तापलेल्या कातळावर ठेवायचा नाही, सावलीत, गवतावर. झाडाखाली गवताचं आच्छादन असेल तर जमिनीची धगही कमी लागते आणि साक्याला तेवढाच आळा बसतो.

मग आढी, म्हणजे आंबे पेंढ्यात रचून पिकवणं. ती गावीच घाला, भांडुपच्या वन बीएचकेत पलंगाखाली पेंढा घालून बघू नका. एका वेळी चार पेट्या ठीक, दहा झाल्या की घरात चालायला जागा नाही आणि उकाड्याने वरचा थर आधी पिकून खालचा तसाच राहतो. गावी आढीत रंग फिरायला लागला की माल लक्झरी बसने निघावा आणि तुमच्याकडे आल्यावर दोन-तीन दिवसांत वाटला जावा. पिकवायला कार्बाइडची पुडी कुणी सुचवली तर नाही म्हणा. त्यावर कायद्याने बंदी आहे आणि त्याने फक्त साल पिवळी होते. गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा की कापल्यावर साका निघाला तर फोटो पाठवा, बदली फळ पुढच्या खेपेला मिळेल. यात वर्षाला थोडी फळं जातील. पण कर्नाटकचा आंबा देवगडच्या खोक्यात घालून विकणाऱ्यांनी मुंबईकराला इतकं पोळलंय की बदली फळ देणारी बाई त्याला पुढच्या वर्षी आठवते. हापूसला भौगोलिक मानांकन 2018 मध्ये मिळालं. खोक्यावर ते चिन्ह छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, ती नसताना छापू नका. सात-आठ कलमांच्या मालाला तुमचं नाव आणि गावाचं नाव पुरे आहे.

मुलाचं काम हे. मार्चमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर यादी करायची : कुणाला किती डझन, कोणत्या आठवड्यात. थोडे पैसे आगाऊ. आगाऊ पैसे हाती आले की फवारणीला दलालाची उचल लागत नाही, हा खरा फायदा. सोसायटीच्या कमिटीला आधी विचारा, वॉचमनला एक डझन द्या. आणि पंधरा मेच्या पुढचा माल यादीत धरूच नका. तेव्हा सगळीकडचा आंबा एकदम येतो, भाव कोसळतो, वर वळवाची धास्ती. उरलेल्याची साटं (आंबापोळी) घाला.

आता तुम्ही जो नुसता मोजून पुढे गेलात त्या रातांब्याकडे येऊ. बांधावरचं झाड, ना खत ना पाणी ना फवारणी, आणि दर वर्षी लाल फळांचा सडा. त्यातलं किती तुमच्याकडे गोळा होतं? बहुतेक ठिकाणी अर्धंअधिक झाडाखाली कुजतं, कारण ते पिकतं तेव्हा सगळे आंब्याच्या मागे असतात. आमसुलं जाऊबाई घरापुरती करतच असतील. फळाचे दोन भाग करून साल वेगळी, आतला गर आणि बिया मिठात. साल उन्हात वाळवायची, त्या मिठाच्या रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची. अशी पाच-सात पुटं चढली की आमसूल काळपट-लाल, लवचिक आणि जाड होतं. बाजारात जे पातळ, कडकडीत, वाटीभर घातलं तरी आमटीला आंबट न करणारं मिळतं, त्याला पुटं कमी दिलेली असतात. हा फरक मुंबईच्या बाईला चिमूटभर जिभेवर ठेवून कळतो. बाकी जाहिरातीची गरज नाही.

आणि हा माल थांबतो. नीट वाळवून, मीठ बरोबर घालून, हवाबंद बरणीत ठेवलेलं आमसूल वर्षभर राहतं. आगळ, म्हणजे मिठातला कोकमाचा रस, तेही राहतं. म्हणजे मेमध्ये भाव पडला म्हणून रडायचं कारण नाही, गणपतीत विका, दिवाळीत विका. बियांचं कोकमतेल निघतं, थंडीत पायाच्या भेगांना लावायला लोक शोधत असतात. भाव काय ठेवायचा हे मला विचारू नका, लालबागच्या मिरची गल्लीत एक चक्कर मारा. तिथे आमसुलाचे तीन-चार दर्जे शेजारी शेजारी दिसतील. चांगल्यातल्या चांगल्याचा भाव विचारा आणि घरच्या मालाशी हात लावून ताडून बघा. त्या भावाच्या आसपास मागायला लाजू नका. विकायच्या डब्यावर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. ऑनलाइन होते, छोट्या व्यवसायाला महाग नाही.

रातांबे वाढवायचे तर बी पेरून नको. रातांब्यात नर झाडं वेगळी आणि मादी वेगळी. बियांपासून लावली तर निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि ते कळायला पहिला फुलोरा येईपर्यंत सहा-सात वर्षं जातात. कलमंच लावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण अमृता जात घ्या. तिचं बहुतेक फळ पावसाआधी हाती येतं, आणि तुमच्यासाठी तेच महत्त्वाचं, कारण जूनच्या पहिल्या सरीत सालं वाळत नाहीत, बुरशी धरतात. कलमं विद्यापीठाच्या नाहीतर शासनमान्य रोपवाटिकेतूनच, आणि पावती जपून ठेवा. रस्त्याकडेला टेम्पोतून विकणाऱ्याकडे कलमाच्या जोडाखालची रानटी फूटच कलम म्हणून खपवलेली मी पाहिली आहे.

काजूचं थोडक्यात. वीस झाडं जुनी, गावठी असतील. जिथे एखादं मेलं असेल तिथे वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 ची कलमं घाला, बाकीची राहू द्या. बी वेचून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून पोत्यात भरली की ती थांबते, म्हणून व्यापारी दारात आला त्या दिवशीच विकायची घाई नको. ओले काजूगर मुंबईत शेकड्यावर विकले जातात आणि भाव डोळे फिरवणारा असतो, पण ती बी फोडणाऱ्या बाईचे हात चिकाने सोलवटतात. घरच्यापुरते करा, फार तर ओळखीच्या चार घरांना. याच्यावर धंदा उभा करायचा तर ते हात कुणाचे, हा प्रश्न आधी सोडवा.

तर मग तीन लाख. पहिला खर्च झाडांवर नको. पहिला खर्च गडग्यावर (दगडी कुंपणावर) आणि जाळरेषेवर (वणवा अडवणाऱ्या साफ पट्ट्यावर). कोकणात नवी कलमं पाण्यावाचून मरतात त्याहून जास्त गुरांनी आणि वणव्याने मरतात असं माझं मत आहे. दिवाळीनंतर गवत कापून बागेभोवती चार-पाच मीटरचा पट्टा साफ केला नाही, तर फेब्रुवारीत कुणीतरी विडी टाकतो आणि तीन वर्षांची मेहनत दुपारभरात राख होते. दुसरा खर्च पाण्याच्या टाकीवर. नव्या कलमांना पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्याला थोडं पाणी लागतं, बुंध्याशी नारळाची सोडणं आणि पालापाचोळा घातला तर आणखी कमी. एप्रिलमध्ये विहीर आटायच्या आत टाकी भरून ठेवली की पंचवीस-तीस कलमं तगतात. याहून जास्त लावू नका. तीस जगलेली बरी. आणि तीन लाखांतले निम्मे बँकेतच राहू द्या; शेतीत पैसे पुन्हा लागतात, नेहमी वाईट वेळी.

लागवडीला अनुदान आहे. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणात किमान 10 गुंठ्यांपासून अर्ज करता येतो, पैसे तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के अशा हप्त्यांत येतात आणि पुढचे हप्ते कलमं जगली असतील तरच. मात्र अर्ज आणि मंजुरी आधी, खड्डे नंतर. अर्जाला 7/12 लागतो आणि तो सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांची संमती. इथे माझा अंदाज आहे की तुमच्या 7/12 वर अजून सासऱ्यांचंच नाव असेल. ते हयात नसतील तर वारस नोंद करून घ्या. त्यात नणंदांचीही नावं लागतील, त्यांचा हक्क आहे, आणि तो डावलून केलेली नोंद पुढे कोर्टात घेऊन जाते. यंदा गणपतीला सगळी भावंडं एकत्र येतील, तेव्हा आरती झाल्यावर, जेवणं झाल्यावर, शांतपणे हा विषय काढा. फोनवर काढू नका.

आणि जाऊबाई. त्या दुखावतील कशाने, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी सांगतो. इतकी वर्षं राखण, मजूर, औषध, वानरं सगळं त्यांनी सोसलं आणि आता मुंबईची मंडळी पैसे घेऊन येऊन बाग शिकवणार, असं त्यांना वाटलं तर पुढे काहीच व्हायचं नाही. म्हणून वाटणीचं बोलण्याआधी मजुरीचं बोला. दीर-जाऊंनी बागेत घातलेल्या दिवसांची मजुरी, गावात जो दर असेल त्या दराने, आधी बाजूला काढायची. मग खर्च. मग जे उरेल त्याची भावाभावांत वाटणी. आमसुलांचे तर मी म्हणेन निम्म्याहून जास्त पैसे जाऊबाईंच्याच खात्यात जावेत. दिराच्या नाही, त्यांच्या. भांडुपमध्ये विकणं हे काम आहेच, पण कडक उन्हात पुटं देणं हे त्याहून मोठं काम आहे. त्या गावच्या बचतगटात असतील तर सरकारच्या उमेद अभियानातून मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात त्यांना गटाच्या नावाने स्टॉल मागता येतो. त्या स्वतः वांद्र्याला येऊन स्वतःचं आमसूल विकतील तेव्हा भाव तुम्ही ठरवायचा की त्यांनी, हा वादच उरणार नाही.

हिशोबाची वही एकच ठेवा आणि ती गावी असू द्या. भांडुपला फोटो येऊ दे. कराराचा मसुदा सही करण्याआधी ओळखीच्या वकिलाला दाखवा, स्टॅम्प पेपरवर करा. गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याचा (पूर्वीचे कृषी सहायक) नंबर ग्रामपंचायतीत मिळेल. ऑक्टोबरात त्यांना एकदा बागेत बोलवा, बावीस कलमांतली कुठली सात-आठ ठेवायची ते त्यांच्याबरोबर उभं राहून ठरवा. मधल्या फांद्या विरळ करून ऊन आत घ्यायला हवं का, हेही तेव्हाच विचारा.